सलग कोरडे दिवस

खाटा चोवीस. गाद्या चोवीस, त्यांतल्या अकरांना रेक्झिनचं आवरण. उशा सव्वीस, कारण चंपतला गुडघ्यांखाली दोन जास्तीच्या लागत. पंखे आठ, चालू सात. कूलर तीन. पिण्याच्या पाण्याचे माठ चार, चारही काठोकाठ. चादरी चोवीस, आणि चोवीसच्या चोवीस कोरड्या.

उन्नतीनं शेवटच्या चादरीवरून पालथा पंजा फिरवला आणि कागदावर शून्य लिहिलं. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मे महिन्याची बारा तारीख. खिडकीबाहेर नेहरू नगरची गल्ली अजून झाडली जायची होती, पण हवा आत्ताच तापू लागली होती.

"काय हात फिरवून राह्यली वो पोरी?" चंपत खाटेवरून म्हणाला. "पापड वाळत घातले का आमी?"

"पापड कुठं आबाजी, तुमीच वाळून राह्यले. किती बारीक झाले!"

"बुढा मानूस वाळतेच. वल्ला राह्यला तं सडते."

आजूबाजूच्या खाटांवरून हसू फुटलं. उन्नतीही हसली. तिनं कागद उलटला. 'पिण्याच्या पाण्याची उपलब्धता' या ओळीपुढे तिनं माठांकडे एकदा पाहून पाचपैकी पाच गुण दिले.

ती चोवीस वर्षांची. दुर्गच्या सायन्स कॉलेजातून सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. ज्येष्ठ निवासांची तपासणी करून त्यांना अ, ब, क असा दर्जा देणाऱ्या रायपूरच्या एका संस्थेत ती दीड वर्षापासून कामाला होती. भिलाई-दुर्गमधली पाच निवासं तिच्याकडे होती, आणि हे त्यांतलं सगळ्यात लाडकं. कारण साधंच होतं. इथं तिला घरची बोली ऐकू येई. भंडारा-गोंदियाकडून पन्नास वर्षांपूर्वी कामासाठी आलेली आणि इथंच म्हातारी झालेली माणसं. कॉलेजात, ऑफिसात, बाजारात ती हिंदीच बोलायची. मराठी फक्त आईशी आणि या चोवीस जणांशी.

जानेवारीत ती पहिल्यांदा आली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले तरी नऊ चादरी ओल्या होत्या. दोघांच्या कंबरेला बेडसोअर झालेले होते. तिनं 'क' दिला. दुसऱ्यांदा 'क' मिळाला तर निवासाची मान्यता जाणार होती आणि इथल्यांची सोय राजनांदगाव, रायपूर, जिथं जागा मिळेल तिथं होणार होती. व्यवस्थापक प्रशांत बोंद्रे हात जोडून म्हणाला होता, "मॅडम, काय सुधारायचं ते सांगा. आम्ही करू." तिला त्याची दया आली होती, आणि आपल्या शिक्षणाचा थोडा अभिमानही वाटला होता. तिनं तपासणीच्या तक्त्यात सतरावा मुद्दा स्वतः घातला : 'सकाळी सहा वाजता ओल्या आढळलेल्या चादरींची संख्या.' जे मोजता येतं ते सुधारता येतं, असं तिला कॉलेजात शिकवलं होतं.

एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण मार्चमध्ये ती एक पांढरा बोर्ड घेऊन आली. भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या पोरीला कारखान्याच्या फाटकावरचे बोर्ड पाठ असतात : बिना दुर्घटना के दिन, इतके. तिनं दाराशी खिळा ठोकून घेतला आणि निळ्या मार्करनं लिहिलं, 'सलग कोरडे दिवस'. खाली आकड्याची जागा मोकळी ठेवली.

त्या बोर्डानं निवासात जीव आला, असं प्रशांत म्हणाला होता. आणि ते खरंच होतं. आयुष्यभर शिफ्टमध्ये काम केलेल्या माणसांना कित्येक वर्षांनी काहीतरी टार्गेट मिळालं होतं.

आता दाराशी फकिरा हटवार उभा होता. वय एकोणऐंशी. बंद पडलेल्या एका खाजगी फाउंड्रीत ओतकामाचे साचे घडवणारा मोल्डर. बोर्डाचं काम त्यानं मागून घेतलं होतं. फडक्यानं त्यानं चाळीस पुसले, मार्करचं टोपण दातात धरलं आणि सावकाश, रेघ न हलू देता, एक्केचाळीस लिहिले.

"पाह्य," तो उन्नतीला म्हणाला. "पन्नास झाले का मी पेढे वाटतो. तुया हातानं."

"माझ्या हातानं कावून आबाजी? मेहनत तं तुमची हाय."

"बोर्ड तुया हाय ना. आमी तं निस्ते खेळणारे." त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. ओठ फुटलेले होते. "आता 'अ' देतीन ना तुये रायपूरवाले? आमाले अलग-अलग नाही करत ना?"

"नाही करत. मी हाय ना."

स्वयंपाकघरात तिनं सकाळचा नाश्ता पाहिला. कोरडे पोहे. एप्रिलपर्यंत इथं बासी असे. रात्रीचा भात पाण्यात भिजवून, वर कांदा नि मीठ. छत्तीसगडात उन्हाळा त्यावरच निघतो. "बासी बंद केली?" तिनं विचारलं. प्रशांत म्हणाला, "यांनीच सांगितलं, पोहे द्या म्हणून. टरबूज कापलं तर तेही परत येतं." तिनं लिहिलं : 'आहारात बदल, रहिवाशांच्या पसंतीनुसार.' आणखी पाच गुण.

*

तेवीस मेच्या दुपारी प्रशांतचा फोन आला तेव्हा ती घरी लॅपटॉपवर आलेख काढत होती. आलेख सुंदर होता. नऊपासून सुरू होऊन शून्यावर टेकलेली रेघ.

"मॅडम, फकिराबाबांना ॲडमिट केलंय. काही समजत नाहीये त्यांना. मला टाइमकीपर म्हणून हाक मारून राह्यले."

दवाखान्यात पोचेस्तोवर पाच वाजले. फकिराच्या हाताला सलाईन होतं, खाटेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. तळाशी दोन बोटं गडद, चहाच्या रंगाचं काहीतरी. डॉक्टर तरुण होते, चष्मा कपाळावर ढकललेला.

"निवासातून तुम्ही?"

"तपासणी करते मी तिथली."

"अच्छा. मग तुम्हालाच विचारतो. पाणी किती पीत होते?"

"पाण्याची सोय चांगली आहे, सर. चार माठ आहेत. मी गेले की नेहमी भरलेले असतात."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "मी माठाचं नाही विचारलं. माणसाचं विचारतोय."

डॉक्टरांनी फाईल मिटली. शरीरातलं पाणी इतकं कमी झालंय की मूत्रपिंडाला मार बसलाय, ते म्हणाले. आता सलाईन आहे, यातून निघतील. पण घरी गेल्यावर दिवसाला दीड लिटर पोटात गेलंच पाहिजे, मोजून. तेवढं गेलं नाही तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही.

बाहेर बाकावर मथुरा बसली होती. निवासातली आया, नंदिनी नगरहून रोज दोन बस बदलून येणारी. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, सोडलं होतं, पुन्हा गुंडाळलं होतं.

"दीदी, मोर ऊपर तो नई आही ना?" ती छत्तीसगढीत म्हणाली, ठपका आपल्यावर येईल या भीतीनं. मग उन्नतीच्या चेहऱ्याकडे पाहून हिंदीवर आली. "मैंने नहीं रोका, कसम से. ये लोग खुद ही चार बजे के बाद पानी को हाथ नहीं लगाते. पहले पाँच बजे था. फिर रुक्मा दाई की चादर गीली हुई, तो फकिरा बाबा ने सबको बिठाके बोला, चार बजे. फिर दोपहर का भी आधा गिलास."

"तू मला सांगितलं का नाही?"

"आप तो खुश थीं दीदी." मथुरानं मान वर केली. "आप आती थीं, चादर छूती थीं, और खुश होती थीं. मटका मैं सुबह भरती थी, दूसरे दिन सुबह भी भरा का भरा."

उन्नती भिंतीला टेकून उभी राहिली. चार माठ, काठोकाठ. चव्वेचाळीस डिग्री, चोवीस माणसं, आणि काठोकाठ. तिनं ते पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, लिहिलं होतं, गुण दिले होते.

"आज सुबह भी," मथुरा म्हणाली, "चादर सूखी थी बाबा की. बोर्ड पे बावन लिखा उन्होंने. लिखके वहीं बैठ गए."

ती पुन्हा आत गेली तेव्हा फकिरानं डोळे उघडले. तिला ओळखलं की नाही, कळेना.

"किती झाले?" तो म्हणाला.

"काय आबाजी?"

"दिवस. शून्य तं नाही केला कोणी?" त्यानं पिशवीकडे जाणाऱ्या नळीकडे बोट केलं. "हे माया मनानं नाही होऊन राह्यलं. यायनं नळी लावली. हे पकडू नका."

"नाही पकडत," ती म्हणाली. "बावन्नच हायेत."

त्यानं समाधानानं डोळे मिटले. तिला वाटलं, या क्षणी जर कुणी आपल्याला थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी ती निवासात गेली ती तक्ता न घेता. चंपतच्या खाटेच्या कडेवर बसली.

"आबाजी, खरं सांगा. मला कावून नाही सांगतलं कोणी?"

"काय सांगाचं?" चंपत गुडघे चोळत होता. "का आमाले तहान लागते? ते तं सगळ्यायलेच लागते."

"फकिरा आबाजी मरता मरता वाचले."

"तो असाच हाय. पहिल्यापासून." चंपत आणि फकिरा एकाच फाउंड्रीत होते, चौतीस वर्षं. "आमच्या इथं बी फाटकावर बोर्ड होता. दोनशे दिवस बिनाअपघाताचे झाले का मालक घरपरत प्रेशर कुकर देणार. एकशे नव्याण्णववर याच्या हातावर रस सांडला. लोखंडाचा. इतका." त्यानं मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. "यानं पोतेऱ्याचं फडकं गुंडाळलं, फुल बाह्याची शर्ट घातली, अन् पंधरा दिवस कोनाले बोलला नाही. मालकाले नाही, बायकोले नाही. चोपन्न घरात कुकर गेले. माया घरी बी आला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वास येत होता ना." चंपत जरा थांबला. "पण कुकर आलाच होता तं."

पलीकडच्या बायकांच्या खोलीतून रुक्मा भिंत धरत आली. तिची कथा उन्नतीला माहीत होती. निदान तिला तसं वाटत होतं. मार्चअखेर बोर्ड बारापर्यंत गेला होता, आणि एक एप्रिलला रुक्माची चादर ओली निघाली. आकडा शून्यावर आला. त्या महिन्यात प्रशांतनं हसत हसत सांगितलं होतं की दोन दिवस रुक्माआजीशी कुणी बोललं नाही. 'रहिवाशांचा सहभाग उल्लेखनीय,' असं उन्नतीनं तेव्हा लिहिलं होतं.

"दोन नाही, चार दिवस," रुक्मा आता म्हणाली. "जेवताना माये ताट अलग ठेवलं. मी तुले सांगणार होती पोरी. पण तू त्या दिशी आली तं मले म्हणे, आजी, होते कधीकधी, पुढच्या वेळी सांभाळून. मंग मी सांभाळलं."

"कसं?"

"दुपारचा चहा सोडला. वरण सोडलं. सांजच्याले निस्ती पोळी, कोरडी. आता नाही होत." तिनं हे औषध लागू पडल्यासारखं सांगितलं.

उन्नतीनं उठून बोर्ड खिळ्यावरून काढला. सगळ्यांना मधल्या खोलीत बोलावलं. तेवीस जण जमले. काही काठीवर, काही मथुरेच्या खांद्यावर, चंपत खुर्चीत. प्रशांत दाराशी उभा राहिला. तिनं रात्रभर मनाशी जुळवलं होतं ते बोलायला सुरुवात केली.

चूक माझी आहे, ती म्हणाली. मोजायचं होतं ते हे की ओली झालेली चादर किती वेळ तशीच राहते. मी मोजलं ते हे की चादर ओली होते की नाही. पहिल्यात इथल्या कामाची परीक्षा होती, दुसऱ्यात तुमच्या शरीराची. चादर ओली होणं हा दोष नाही. तुम्ही पाणी प्या, चादरी ओल्या होऊ द्या, त्या अर्ध्या तासात बदलल्या की नाही एवढंच मी पाहीन. मला माफ करा.

बोलताना तिचा आवाज दोनदा फुटला. कूलर तेवढा घरघरत होता.

मग रुक्मा पुढे आली आणि तिनं उन्नतीच्या गालावरून आपला खरखरीत हात फिरवला.

"तू कावून रडून राह्यली वो? तुयी काय चूक? आमचंच आंग गळकं झालं."

"आजी, नाही, तसं नाही."

"रायपूरवाले बोलले का तुले?" मागून कुणीतरी विचारलं.

"पोरीची नोकरी जाते का काय," दुसरं कुणी म्हणालं.

"फकिराच्या पायी झालं सगळं," चंपत म्हणाला. "त्याले समजत नाही किती पेवाचं ते. आमी बरोबर हाओत ना. तू बोर्ड लाव परत. आमी सांभाळून घेऊ."

"बोर्ड नाही लावायचा!" ती ओरडलीच. तेवीस चेहरे एकदम खाली गेले. शाळेत मार खाल्लेल्या पोरांसारखे. तिनं जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिनं माठ पाहिले. काठापासून दोन बोटं खाली, बस.

रायपूरच्या ऑफिसातल्या तिच्या वरिष्ठ ऐश्वर्या मॅडमना तिनं फोनवर सगळं सांगितलं.

"उन्नती, हा बोर्ड आपण आणखी सहा निवासांत लावलाय. तुझं नाव घेऊन."

"काढायला सांगा, मॅडम. आजच."

"काढू. पण रिपोर्टमध्ये नीट लिही. स्टाफनं पाणी दिलं नाही, असं येऊ दे. एक आया आहे ना तिथं?"

मथुरा त्या वेळी अंगणात चादरी झटकत होती. उन्नतीनं तिच्याकडे पाहिलं. हो म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि दोन दिवसांनी तो शब्द कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

"स्टाफनं पाणी दिलं, मॅडम. पिऊ मी दिलं नाही," ती म्हणाली. रिपोर्टमध्ये तिनं लिहिलं : मुद्दा क्रमांक सतरा, तयार करणार उन्नती कापगते. मापन चुकीचं. परिणाम खालीलप्रमाणे. आणि खाली मेच्या बारा तारखेला आपण काय काय पाहिलं आणि काय काय गुण दिले, ते ओळीनं लिहिलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली आहे. निवासाचा निर्णय जूनच्या बैठकीत.' तिच्याबद्दल त्यात काही नव्हतं. तिला ते शिक्षेपेक्षा जड गेलं.

*

फकिरा दोन जूनला परत आला. चार किलो कमी झाला होता. बोलणं ताळ्यावर आलं होतं, पण बोर्डाच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं की गप्प होई. निवासाचं काय होणार, हे त्यानं एकदाच विचारलं. जूनच्या बैठकीत कळेल, ती म्हणाली. त्याला ती जूनची गोष्ट म्हणजे आपलीच राहिलेली परीक्षा वाटली असावी. पाणी दिलं की तो एक घोट घेई आणि पेला स्टुलावर ठेवून देई. मथुरानं आग्रह केला की म्हणे, "मंग पेतो." दिवसभराचं मिळून तीन-चार पेलेही होत नव्हते.

शनिवारी उन्नतीला सुट्टी होती. ती सकाळी साडेसहालाच आली. पिशवीत दुर्गच्या दुकानातून आणलेलं अडीचशे मिलिलिटरचं मोजपात्र होतं, रेघा आखलेलं. तिनं निवासातला स्टीलचा पेला भरून पाहिला. दीडशेला काठापासून बोटभर खाली येत होतं. सात ते चार, दर तासाला एक पेला. दहा पेले. दीड लिटर. वहीत तिनं दहा चौकोन आखले.

सातचा पेला घेऊन ती फकिरासमोर बसली. त्यानं एक घोट घेतला, मग तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे.

"अशी डोळे लावून बसली तं घशाखाली उतरत नाही वो. मी काय लहान लेकरू हाओ?"

ते तिला पटलं. इतके दिवस आपण यांच्या चादरींवर हात फिरवला, आता तोंडावर नजर ठेवायची? "बरं, मी रुक्माआजीकडे जाऊन येते. तुम्ही सावकाश प्या."

"हां. घुटघुट पेतो."

ती परत आली तेव्हा पेला रिकामा होता. तिनं पहिल्या चौकोनात खूण केली.

आठ. नऊ. दहा. अकराच्या पेल्यात तिनं चिमूटभर मीठ नि साखर घातली. फकिरानं चव घेऊन तोंड वाकडं केलं. "फाउंड्रीत असंच देत होते. भट्टीवाल्यायले. तेव्हा बादली-बादली पेत होतो मी." पेला रिकामा झाला. बारा. दुपारी लूचा तापलेला वारा सुटला, खिडक्यांवर गोणपाटाच्या ओल्या बोऱ्या लावल्या. एक. दोन. प्रत्येक वेळी ती दुसऱ्या खोलीत कुणाला तरी पाणी विचारून येई, आणि प्रत्येक वेळी फकिराचा पेला उपडा ठेवलेला असे. रुक्मानंही तिच्यासमोर अर्धा पेला घेतला. चंपतनं पाऊण. ते दोघं फकिराकडे पाहून पीत होते. तो पितो म्हणून आपणही, असं. तीन वाजता उन्नतीनं प्रशांतला नववी खूण दाखवली.

"कमाल केली मॅडम," प्रशांत म्हणाला. "आमच्यानं नाही झालं हे."

चार वाजता दहावा पेला रिकामा झाला. उन्नतीनं दहावी खूण केली आणि वही त्याला दाखवली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास आला होता.

"झाला तुया कोटा?" फकिरानं विचारलं.

"झाला आबाजी. पूर्ण दीड लिटर. डॉक्टरला सांगते मी."

"सांग. अन् रायपूरले बी सांग." तो हसला. हिरड्या कोरड्या, पांढुरक्या दिसल्या. "आता हसली पोरगी. पंधरा दिवसापासून कशी झाली होती, तोंड उतरवून. जा आता घरी. माय वाट पाहत असन."

"जाते. तुमची चादर सारखी करते अन् जाते."

"राहू दे, मथुरा करन."

"एका मिनिटाचं काम हाय."

तिनं त्याला कुशीवर वळवलं आणि पाठीखालची सुरकुती ओढायला हात घातला. हाताला काहीतरी गार, जड, फुगीर लागलं. पाठ शेकायची रबरी पिशवी. तिचं टोपण घट्ट लावलेलं होतं. जूनची दुपार होती. त्या खोलीत पाठ शेकण्यासारखं कुणाला काही नव्हतं.

फकिरानं डोळे मिटून घेतले होते. पापण्या मात्र हलत होत्या.

पिशवी पदराखाली धरावी तशी ओढणीखाली धरून ती मोरीपाशी गेली आणि टोपण काढलं. मोजपात्र सपाट जागी ठेवलं, डोळे रेघेच्या पातळीला आणले. अडीचशे. ओतून दिलं. अडीचशे. अडीचशे. अडीचशे. पाचव्या वेळी पात्र भरलं नाही. एकशे साठवर थांबलं. ओलं बोट तिनं जिभेला लावलं, पाणी किंचित खारट लागलं.

मग ती वही उघडून मोरीच्या कट्ट्यावर बसली. दहा खुणांवर तिनं एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं :

फकिरा हटवार, वय ७९. सकाळी सात ते दुपारी चार. दिलेलं पाणी, १५०० मिलिलिटर. पिशवीत सापडलेलं, ११६० मिलिलिटर. पोटात गेलेलं, ३४० मिलिलिटर.